डावा हात

आपल्या बोलीतच पक्षपात भरलेला आहे. पोरीचं लग्न झालं की लेक उजवली म्हणतात. एखाद्याला बाजूला सारलं की डावललं म्हणतात. उजव्या हातानं एवढं काय पुण्य केलं, हा प्रश्न मला लहानपणापासून पडतो, कारण माझा धाकटा भाऊ डावखुरा.

आमची माय अहिराणीत सांगे, "खावाना हात न्यारा, धोवाना हात न्यारा." तिचं चूक नव्हतं. पाण्याचा तुटवडा, साबण सणावारी. त्यात एका ताटात चार पोरं जेवायची, तर चौघांचा खायचा हात एकच हवा. पण तो एक हात उजवाच का, हे मायच्या नियमात कुठं नाही. दहा माणसांत नऊ उजवे, म्हणून नऊंच्या सोयीची रीत झाली, आणि पुढं रीतीचा धर्म झाला.

मग नऊ उजवे का? मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाला चालवतो, आणि बोलणंही बहुतेकांचं त्याच भागात असतं. म्हणून हात आणि वाचा यांची जोडी असावी असं जाणकार सांगतात. पण बहुतेक डावखुऱ्यांचंही बोलणं डाव्याच भागातून चालतं, म्हणजे कोडं पुरतं सुटत नाही. सोनोग्राफीत दिसलंय की पोटातलं बाळ बहुतेक वेळा उजवाच अंगठा चोखतं. तिथं ना माय रागवायला, ना मास्तर. आणि जुळे, अगदी एका बीचे, तरी एक उजवा अन् एक डावा निघू शकतो. उंदरांतही एकेकाचा पंजा ठरलेला असतो, पण त्यांच्यात उजवे-डावे जवळपास निम्मे. माझ्या जोडीतला उजवीकडं जुंपायचा बैल डावीकडं घातला की अडून बसतो, पण ती आपण लावलेली सवय.

शेतातली हत्यारंही नऊंचीच. विळ्याचे दाते लोहार एका अंगानं पाडतो. भाऊ डाव्या हातानं बाजरी कापायला लागला की विळा घसरायचा आणि लोक म्हणायचे, याला काम येत नाही. कापूस वेचताना मात्र कोणी हात विचारत नाही. तिथं दोन्ही लागतात, आणि संध्याकाळी काट्यावर नुसतं वजन बोलतं.

शाळेत एका मास्तरांनी त्याचा डावा हात करगोट्याला बांधून ठेवला होता. त्यांना वाटे आपण पोराचं भलं करतोय. दोन वर्षांत अक्षर वळलं, पण पाटी दिसली की पोराला घाम फुटे. चौथीतून त्यानं शाळा सोडली ती सोडलीच. आता तो गवंडी आहे. भिंतीच्या ज्या कोपऱ्यात उजव्या मिस्तरीची थापी अडते, तिथं त्यालाच हाक मारतात.

माणसाचा हात वळतो, हे खरं आहे. गांधीजींनी 1909 साली बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिलं, तेव्हा उजवा हात थकला की डाव्यानं लिहीत. सचिन तेंडुलकर डाव्यानं लिहितो आणि उजव्यानं खेळतो. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान डाव्यानं चेंडू टाकी आणि उजव्यानं बॅट धरी. पण यातल्या कुणाचा हात कुणी करगोट्याला बांधला नव्हता. वळवता येतं म्हणून वळवायचंच, हे मला पटत नाही. बैलाला विचारता येत नाही. पोराला येतं.

सध्या आमच्या घरात हाच वाद आहे. नात चार वर्षांची, खडू डाव्या हातात धरते. शेजारच्या बाया सुनेला सांगतात, आत्ताच वळव, नाहीतर सासरी बोलणी खाईल, देवाला फूल कोणत्या हातानं वाहील? सून घाबरते. तिची भीती मी हसण्यावारी नेत नाही, बोलणी तर तिलाच ऐकावी लागणार. मी एवढंच म्हटलं की काकाला विचार, त्याच्यावरून गेलंय ते. रविवारी भाऊ आला, ओट्यावर नातीजवळ बसला. तिनं खडूनं बैल काढला होता, तोंड उजवीकडं. तो म्हणाला, "मी पण असाच काढायचो. लोकांचे बैल डावीकडं बघतात."