शेवळं आली की

मंडईत आता बाराही महिने मटार मिळतो, मग ऋतूची वाट कशाला पाहायची, हा प्रश्न रास्त आहे. पण शेवळं पाहा. पहिल्या सरींच्या सुमारास ठाणे-रायगडच्या रानात हे जांभळट कोंब जमिनीतून वर येतात आणि काही आठवड्यांत दिसेनासे होतात. नीट शिजली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून ती काकडाच्या आंबट फळांसोबत किंवा चिंचेच्या कोळात शिजवतात. काकडं बाजारात येतात तीही त्याच दिवसांत, आणि भाजीवालीच्या टोपलीत शेवळांच्या जुडीशेजारीच त्यांचा वाटा मांडलेला असतो. ऋतू नुसता जिन्नस देत नाही, त्याचा उतारही देतो.

हे खिसा भरलेल्यांचे चोचले, असं कुणी म्हणेल. खरं तर उलटं आहे. हंगामात आवक वाढते, भाव उतरतो. भोगीच्या भाजीत पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी एकत्र पडतात, कारण जानेवारीत शिवारात तेच मुबलक असतं. टिकवून खाणं आपल्याला कधी वर्ज्य नव्हतंच. सांडगे, आमसुलं, चाळीतला कांदा ही साठवणच. फक्त ती ऐन हंगामातल्या मालाची असते. राहिली वाट पाहण्यातली गोडी. ती मोजता येत नाही, पण हापूसच्या पहिल्या पेटीचा दरवर्षीचा गाजावाजा तिच्याच जिवावर चालतो! आज मंडईत गेलात तर यादी खिशातच ठेवा आणि आधी विचारा, "मावशी, नवीन काय आलंय?"