दहावं द्रव्य

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवीन जालन्यात ट्रायपॉड उभा करायला हातभर जागा मिळाली तरी नशीब. सदर बाजाराकडच्या गल्ल्यांत झेंडूच्या राशी, दुचाक्या आणि खरेदीला निघालेली कुटुंबं यांची दाटी. त्यामुळे रात्रीचे फोटो काढणारे ओळखीच्या दुकानाची गच्ची आधीच हेरून ठेवतात. साडेपाचलाच वर चढायचं, कारण सूर्य मावळला की आकाश गर्द निळं राहतं ते जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात इमारतींवरच्या माळा लागलेल्या असल्या पाहिजेत आणि आकाश काळं पडलेलं नसलं पाहिजे. उशीर झाला की इमारतीची कड कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. काळ्या कागदावर दिव्यांचे ठिपके तेवढे उरतात.

तो काळा कागद म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न कॅमेऱ्याहून फार जुना आहे.

वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी जगातल्या द्रव्यांची नऊ खात्यांत वाटणी केली: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काळ, दिशा, आत्मा, मन. यादी पुरी होते न होते तोच कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक विचारतात, अंधार कुठे गेला? तो दिसतो, त्याला काळानिळा रंग आहे, दिवा हलवला की तो सरकतो. ज्याला रंग आहे आणि गती आहे ते द्रव्य, मग अंधार हे दहावं द्रव्य का नाही? वैशेषिकांची यादी मानणाऱ्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचं, उत्तर वकिली थाटाचं आहे. सरकतो तो दिवा, अंधार नव्हे. शिवाय रंग असलेली कुठलीही वस्तू डोळ्यांना दिसायची तर उजेड लागतो. हा गडी मात्र उजेड आणला की पळतो. तेव्हा अंधार म्हणजे तेजाचा अभाव, दुसरं काही नाही. न्यायशास्त्र शिकायला बसणाऱ्याच्या हाती आधी 'तर्कसंग्रह' पडतो. त्यावर अन्नंभट्टांनी स्वतःच लिहिलेल्या 'दीपिके'त हा वाद अगदी सुरुवातीला, द्रव्यं मोजतानाच येतो. म्हणजे हे काही विद्वानांचं फावल्या वेळचं भांडण नव्हतं, पहिल्या इयत्तेचा धडा होता.

गच्चीवरचा फोटोग्राफर वरकरणी नैयायिक असतो. सेन्सर उजेड मोजतो. जिथे उजेड नाही तिथे शून्य. पण कामाला बसला की त्याची भाषा मीमांसकाची होते. 'डावीकडचा काळा जड झालाय', 'शॅडो थोड्या उचल' असं तो संगणकासमोर बसून बोलतो. जे नाहीच ते जड कसं होईल आणि कोण कसं उचलेल?

कॅमेरा तर याहून गमतीचा. तीस सेकंद शटर उघडं ठेवून फोटो घेतला की बरेच कॅमेरे लगेच मोकळे होत नाहीत. शटर मिटून ते आणखी तीस सेकंद काढतात, आणि त्या वेळात चक्क अंधाराचा फोटो घेतात. काळ्याकुट्ट पेटीतही सेन्सर तापतो आणि त्यातून लाल-निळे खोटे ठिपके उमटतात. दुसऱ्या फोटोतले हे ठिपके पहिल्यातून वजा केले की चित्र स्वच्छ होतं. मीमांसक इथे टाळी वाजवेल: अभाव असता तर त्याचा फोटो निघाला असता का? पण ही टाळी फुकट आहे. ते ठिपके अंधाराचे नाहीत, सेन्सरच्या उष्णतेचे आहेत, म्हणजे तेजाचेच. हा डाव नैयायिकांनी जिंकला.

जालन्यात मात्र या वादाला तिसरं घर आहे. कुंडलिकेच्या काठावर वसलेल्या या गावात व्यापारउदिमाबरोबर जैन समाज रुजला. कर्नाटक केसरी गणेशलालजी महाराजांच्या स्मृतीचं गुरु गणेश तपोधाम इथलंच. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'च्या पाचव्या अध्यायात पुद्गलाच्या, म्हणजे जड पदार्थाच्या अवस्था सांगितल्या आहेत. त्यांत शब्द आहे, ऊन आहे, चांदण्यासारखा शीतल उजेड आहे, सावली आहे आणि अंधारही आहे. उजेड आणि काळोख ही एकाच पदार्थाची दोन रूपं. दहावं खातं उघडायला नको, अभावही मानायला नको. फोटो धुण्याच्या जुन्या कामाशी जुळणारं मत हेच वाटतं: निगेटिव्हवर काळा भाग म्हणजे जिथे उजेड पडला तिथे साचलेली चांदी, म्हणजे उजेडच काळा होऊन बसलेला.

दिवाळीचा जैन अर्थही या उत्तराशेजारीच ठेवावा असा. पावापुरीला दिवाळीच्या अमावास्येच्या रात्री महावीरांचं निर्वाण झालं. 'कल्पसूत्र' सांगतं की त्या वेळी काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी दिवे लावले, कारण ज्ञानाचा उजेड गेला होता आणि आता वस्तूंच्या उजेडावर भागवायचं होतं. म्हणजे ही रोषणाई मुळात पर्यायी व्यवस्था आहे. मोठा दिवा विझला म्हणून लावलेल्या पणत्या.

आणि त्या पणत्यांवरही पुढे वाद आहेच. अग्नीत तेजस्काय जीव असतात, म्हणून जैनांच्या स्थानकवासी पंथाचे साधू-साध्वी दिवा लावत नाहीत. विजेचा दिवा आला तेव्हा प्रश्न उभा राहिला: वीज सचित्त की अचित्त? तिच्यात जीव आहे की नाही? तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ यांच्या मते वीज निर्जीव; इतर अनेक साधूंना ते मान्य नाही, त्यामुळे ध्वनिक्षेपक वापरावा की नाही यावरही मतं फुटली. दिवाळी चातुर्मासातच येते, तो संपायची कार्तिकी पौर्णिमा अजून पंधरा दिवस लांब असते, म्हणून साध्वी गावातच मुक्कामाला असतात. तेव्हा गावातल्या सर्वांत झगमगीत रात्री, परंपरा काटेकोर पाळणाऱ्या साध्वी स्थानकात स्वतःसाठी एक दिवाही न लावता बसलेल्या असतात. गच्चीवरून घेतलेल्या चौकटीत अशी एखादी खिडकी काळी येते. फोटोग्राफरला ती चूक वाटते. उचलायची की तशीच ठेवायची?

लांब एक्स्पोजरची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. चालणारी माणसं त्यात उमटतच नाहीत. 1838 साली पॅरिसमध्ये दागेरने एका रस्त्याचं चित्र घेतलं. वाहत्या रस्त्यावरून सगळे गायब, उरला तो बूट पुसून घ्यायला थांबलेला एक माणूस. जालन्याच्या बाजारातही तेच होतं. हजारो गिऱ्हाइकं पुसली जातात, रिक्षांच्या दिव्यांची लाल रेघ राहते, आणि स्पष्ट दिसते ती फुलं विकायला बसलेली बाई. जे कुणीच पाहिलं नाही ते हे चित्र दाखवतं. याला प्रत्यक्ष म्हणावं का, याचा निवाडा न्यायशास्त्र करत बसेल. बाईचा धंदा तेवढ्यात उरकलेला असतो.

उजेडाला वस्तू मानणारे आजही आहेत, तेही कोर्टकचेरीच्या भाषेत. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो कुणीही विकावा. पण रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती आहे, तिचा धंद्यासाठी वापर करायचा तर परवानगी घ्या, असं टॉवर चालवणारी कंपनी सांगते. सध्याची सोनेरी रोषणाई पिएर बिदो यांनी 1985 साली केली. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार इमारतीचा फोटो काढायला आडकाठी नाही, त्यामुळे जालन्यातल्या पोरांना ही धास्ती नाही.

त्यांची तक्रार वेगळी आहे आणि ती रास्त आहे. अलीकडे मंदिर असो की व्यापारी संकुल, समोरून चार एलईडी फोकस मारायची पद्धत पडली आहे. शिखरावरची कोरीव पट्टी, कमानीची खोली, छज्ज्याखालची सावली, सगळं एकसारखं पांढरं होतं. पुठ्ठ्याची इमारत समोर ठेवल्यासारखं. नक्षी दिसते ती खाचेत अंधार साठतो म्हणून. तेजाचा अभाव म्हणा, पुद्गल म्हणा की दहावं द्रव्य, पण तो काढून टाकला की पाथरवटाची मेहनतही जाते. तेव्हा विश्वस्त मंडळींना आणि मांडववाल्यांना एवढंच सांगणं: यंदा लायटिंग लावताना फोकस एका बाजूने लावा, दुसरी बाजू मोकळी सोडा.