पावसाची वही

२०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत पोचला २५ जूनला. त्याच दिवशी तो दिल्लीतही दाखल झाला. दोन वर्षांनी, २०२५ साली, तो २६ मे रोजीच मुंबईत हजर होता. इतक्या लवकर आल्याची नोंद हवामान खात्याच्या दप्तरी त्याआधी नव्हती. मुंबईसाठी त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे एकदा चौदा दिवसांचा उशीर आणि एकदा सोळा दिवसांची घाई. सातवीतल्या एखाद्या मुलीने वर्गात उठून विचारलं, ‘सर, यातलं हवामान बदलामुळे कोणतं?’ तर सरांनी काय सांगावं? दोन्ही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मुलगी चौकस असेल तर लगेच विचारेल, ‘उशीर झाला तरी तेच कारण आणि लवकर आला तरी तेच, मग हे चुकीचं ठरणार तरी कधी?’

या प्रश्नात उद्धटपणा नाही, शास्त्र आहे. आणि आपल्या शाळांमध्ये हवामान बदल शिकवताना नेमकी इथेच गाडी अडते, असं मला वाटतं. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. विषय आला, पुस्तक आलं, प्रकल्पवह्या आल्या. त्या वह्या चाळल्या की घामाघूम झालेली पृथ्वी दिसते, तिच्या तोंडात थर्मामीटर, बाजूला प्लॅस्टिकची पिशवी, वर ओझोनच्या थराला पडलेलं भोक आणि खाली ‘झाडे लावा’. मुलांनी मन लावून रंगवलेलं असतं. पण ओझोनच्या थराला भोक पडतं ते शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे. त्यातून अतिनील किरण जास्त आत येतात, पृथ्वी तापण्याचं मूळ कारण ते नव्हे. १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो थर हळूहळू सावरतो आहे. कचऱ्याचा प्रश्न वेगळा, तापमानवाढीचा वेगळा. सगळं एका चित्रात कोंबलं की मुलाला एवढंच कळतं की काहीतरी वाईट चाललं आहे आणि त्यात आपलाही हात आहे.

त्या मुलीला द्यायचं खरं उत्तर असं: एका वर्षाच्या तारखेवरून काहीच सांगता येत नाही. पाऊस पूर्वीही पुढेमागे व्हायचा. आज काय घडलं आणि इथे सहसा काय घडतं, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर द्यायला किमान तीस वर्षांच्या नोंदी लागतात, असा जगभरच्या हवामानशास्त्रज्ञांचा संकेत आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या तारखा नव्याने ठरवल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. नव्या हिशेबात मुंबईत पाऊस येण्याची तारीख फक्त एका दिवसाने सरकली, १० जूनची ११ जून झाली. पण मुंबईतून त्याच्या जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली आणि राजस्थानातून माघार सुरू होण्याची १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर. त्या मुलीला या तारखा फळ्यावर लिहून दाखवाव्यात आणि पुढे विचारावं: यातला किती फरक पावसाचा, आणि किती नोंदी घेणारी केंद्रं वाढल्यामुळे, मोजण्याची रीत सुधारल्यामुळे पडलेला? आठवी-नववीची मुलं यावर तासभर वाद घालू शकतात. शिक्षकाने तो घालू द्यावा.

इथे शाळा या गोष्टीचं एक वैशिष्ट्य माझ्या फार मनात भरतं. हवामान बदलतं की नाही हे एका माणसाच्या आठवणीवरून ठरवता येत नाही. ‘आमच्या वेळी मृगाला हमखास पेरणी व्हायची’ असं आजोबा सांगतात तेव्हा त्यांना मृग साधलेली वर्षं आठवत असतात, हुकलेली विसरलेली असतात. सगळ्यांचंच असं होतं. शाळा मात्र विसरत नाही, तिच्याकडे दप्तर असतं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरीपट आणि दाखल-खारीज रजिस्टर पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं सापडतं. मुलं येतात आणि जातात, शाळा तिथेच असते. तिच्या कपाटात त्या रजिस्टरांशेजारी पावसाची एक वही ठेवली, आणि पहिलीत आलेली तुकडी दहावी होऊन जाताना ती पुढच्यांच्या हाती देत गेली, तर तीन तुकड्यांत तीस वर्षं भरतात. हवामान शिकवण्याची याहून चांगली सोय मला दुसरी माहीत नाही.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करावी लागते, कारण घोटाळा तिथेच असतो. मोठ्या भांड्यात जास्त पाणी साठतं, म्हणजे तिथे जास्त पाऊस पडला का? पाचवीच्या वर्गात निम्मी मुलं हो म्हणतील. मग मैदानात सरळ उभ्या कडांचं एक पातेलं आणि तसाच एक लहान डबा शेजारी शेजारी ठेवावा. सर येऊन गेली की दोन्हींतलं पाणी ओतून मोजलं तर वेगळं भरतं, पण पट्टी बुडवून पाहिली तर उंची तीच. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात ते यानंतर सांगावं लागत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर शंभर चौरस मीटर असेल तर त्याच एका मिलिमीटरचे शंभर लिटर. हवामान खातं ज्या दिवशी किमान अडीच मिलिमीटर पाऊस पडतो त्यालाच पावसाचा दिवस म्हणतं. अडीच मिलिमीटर म्हणजे अंगणातली धूळ जेमतेम बसवणारी सर. पण एकराचा हिशेब केला तर ते पाणी दहा हजार लिटर भरतं, एका मोठ्या टँकरएवढं. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभं राहिलेल्या मुलांना हे गणित पुस्तकातल्या कुठल्याही गणितापेक्षा लवकर समजेल.

पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचायचा, कारण खात्याची सगळी केंद्रं त्याच वेळी वाचतात. त्यामुळे आज लिहिलेला आकडा कालच्या साडेआठपासूनचा असतो. हे ध्यानात असेल तर २६ जुलै २००५ची गोष्ट मुलांना नीट सांगता येते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७३. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, देशातल्या सर्वात जुन्या वेधशाळांपैकी एक. तिची एकटीचीच नोंद हाती असती तर मुंबई बुडाली होती यावर कोणाचा विश्वास बसला नसता. मग आपल्या शाळेतलं एक मापक अख्ख्या तालुक्याचा पाऊस कसा सांगणार? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पसरणी घाट उतरून वाईला आलं की तोच हजाराच्याही खाली येतो. एका शाळेच्या वहीवरून जग तापतं आहे हे सिद्ध होणार नाही, आणि हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगून टाकावं. वहीचा उपयोग वेगळा आहे. आकडा कसा तयार होतो, कुठे चुकतो, किती जणांचे आकडे एकत्र आल्यावर बोलायला जागा होते, हे ज्याने स्वतः हाताने केलं आहे, त्याला उद्या कोणी मोबाइलवर ‘हवामान बदल हे थोतांड आहे’ किंवा ‘दहा वर्षांत जग संपणार’ असं पाठवलं, तर दोन्ही वेळा तो विचारेल: मोजलं कोणी, कुठे, किती वर्षं?

वहीत चार-पाच वर्षं भरली की माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा घेता येतो. फळ्यावर दोन गावं काढावीत. दोन्हीकडे हंगामात ६०० मिलिमीटर पाऊस. एका गावात तो पंचेचाळीस दिवसांत विभागून पडला, दुसऱ्यात वीस दिवसांत, आणि त्यातही तीन दिवसांतच निम्मा. सरासरी दोघांची सारखी. सोयाबीन कुठलं जगलं? विहिरीला पाणी कुठे आलं, बांध कुठे फुटला? शेतकऱ्याचं पोर हे क्षणात सांगतं. मग सांगावं की भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या पन्नास वर्षांच्या नोंदींतून असंच काही दाखवून दिलं होतं: एकूण पावसात ठळक वाढ-घट नाही, पण अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, आणि त्याचा संबंध त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातल्या चढउतारांशी जोडला. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावू शकतं. ‘पाऊस तेवढाच पडला, मग बदललं काय?’ या गावोगावी ऐकू येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे, आणि ते केवळ सरासरी शिकवून मिळत नाही.

हवा का तापते हे मात्र पावसाच्या वहीतून कळणार नाही, त्यासाठी भौतिकशास्त्राकडेच जावं लागतं. त्यात भीती वाटण्याजोगं काही नाही. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि निवायलाही सगळ्यात जास्त वेळ लागला. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी मोजून दाखवलं की हा वायू आणि पाण्याची वाफ उष्णतेचे किरण शोषून धरतात. मुलांना सांगताना गोधडीचा दाखला द्यावा. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब लवकर निसटू देत नाही, आणि एक गोधडी वाढवली की उकडतं. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ होते, आज ते ४२०च्या पुढे गेले आहेत. हा जादा कार्बन कोळशातून आणि तेलातून आला हेही तपासता येतं: लाखो वर्षं जमिनीत गाडलेल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण त्या हिशेबाने पातळ होत गेलेलं दिसतं. नववी-दहावीच्या मुलांना हा पुरावा झेपतो. तो आपण सांगत नाही, आणि त्याऐवजी शपथ घ्यायला लावतो.

शपथेचं मला खरोखर वाईट वाटतं. बीड जिल्ह्यातली कितीतरी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, फडाशेजारच्या कोपीत राहतात आणि हंगाम संपल्यावर वर्गात परततात. घरच्या कोरडवाहू शेतावर भागत नाही म्हणून ते स्थलांतर. अशा मुलाला ‘मी दिवे बंद करीन, पृथ्वी वाचवीन’ असं हात पुढे करून म्हणायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. हवेत त्याने टाकलेला कार्बन नगण्य आहे आणि सोसणं मात्र पुरेपूर आहे. कोणत्या देशांनी, कोणत्या उद्योगांनी, किती काळ कोळसा जाळला, हेही हवामानाच्या धड्यात आलं पाहिजे. झाडं लावावीतच, पण वीज कशी तयार होते आणि त्याचे निर्णय कुठे होतात, हे न सांगता नुसती रोपं हातात दिली तर आपण मुलांना अर्धवट माहिती देतो.

वहीची एक अडचण मात्र फार खरी आहे. शाळा मे महिन्यात बंद असते आणि जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात त्याहूनही उशिरा. २०२५च्या मे महिन्यात जो पाऊस झाला तो बहुतेक शाळांच्या कुलुपबंद फाटकाआड पडून गेला असता. मौना लोआवरची मोजणीसुद्धा १९६४ साली पैसे तुटल्यामुळे काही महिने बंद पडली होती, आणि त्या जागी आलेखात आजही खंड आहे. सुटीत गावातच राहणाऱ्या मुलांनी पाळ्या वाटून घ्याव्यात, मापक शाळेजवळ राहणाऱ्याच्या अंगणात हलवला तर ती तारीख आणि जागा लिहावी, नोंद घेणाऱ्याने नाव घालावं. पाऊस झाला नाही तर शून्य लिहायचं, आणि कोणी पाहिलंच नाही तर रेघ मारायची. या दोहोंतला फरक मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवावा लागेल, कारण तपासणीला साहेब येणार असले की रेघांच्या जागी शून्य भरण्याचा मोह मोठ्या माणसांनाच आधी होतो. रेघ असली तर तीस वर्षांनी हिशेब करणारा तो महिना बाजूला ठेवू शकतो. खोटं शून्य मात्र त्याला ओळखता येत नाही.