‘नेक्स्ट’ कोण दाबतो?

छत्रपती संभाजीनगरात लॅपटॉप रेंगाळायला लागला की माणूस तो पिशवीत घालून कॅनॉटच्या बाजारात नेतो, काउंटरवर ठेवतो आणि सांगतो, ‘फॉरमॅट मारून दे, पण डी ड्राइव्हला हात लावू नको.’ गिऱ्हाइकाची निवड इथेच संपते. पडद्यावर प्रश्न येऊ लागतात तेव्हा तो बाहेर चहा पीत असतो आणि ‘नेक्स्ट’ दुकानातला मुलगा दाबतो.

यात मला फारसं वावगं वाटत नाही. ज्याला पत्रं टाइप करायची आहेत, त्याला पार्टिशनचा आकार विचारून कुणाचं भलं होणार? अडचण भाषेचीही नाही; डेबियन लिनक्स टाकताना भाषांच्या यादीत मराठीसुद्धा आहे. पण रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तर काय होतं, हे ज्याला ठाऊक नाही तो मराठीतही अडतोच.

मात्र प्रश्न विचारला नाही म्हणून तो मिटत नाही. उत्तर कुणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबला, त्यामुळे बहुतेकांना ११कडे वळणं भाग आहे. तिची होम आवृत्ती सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. गिऱ्हाईक समोर नाही, ओटीपी कुणाला विचारणार? मग कुठला तरी ई-मेल टाकला जातो, प्रसंगी दुकानाचाच. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर त्या खात्याने लॉगइन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप चोरीला गेला तर हे कुलूप उपयोगीच. पण पुढे कधी मदरबोर्ड बदलला की निळा पडदा ते ४८ अंक मागतो. डी ड्राइव्हला कुणी हात लावलेला नसतो. आता मालकालाही लावता येत नाही.

म्हणून प्रश्न किती विचारले हे मोजण्यात अर्थ नाही. चुकलेलं उत्तर उद्या फिरवता येईल का, एवढं पाहावं. ब्राउझर, कीबोर्ड, वॉलपेपर कंपनीने खुशाल ठरवावेत. डिस्क पुसायची का, खातं कुणाच्या नावाचं, किल्ली कुठे, इथे मात्र थांबून विचारलंच पाहिजे. गंमत अशी की विंडोज लोकेशन विचारते, जाहिरातींचा आयडी विचारते, टायपिंगची माहिती पाठवू का तेही विचारते. हे सगळं नंतर सेटिंग्जमध्ये दोन मिनिटांत बदलता येतं. किल्लीबद्दल चकार शब्द नाही.

कंपनी सुधारेपर्यंत वाट पाहण्याचं कारण नाही. मशीन ताब्यात घेताना खातं कुणाच्या ई-मेलवर आहे हे दुकानातच उघडून पाहावं. दुसऱ्याचं असेल तर पैसे देण्याआधी स्वतःचं टाकून घ्यावं आणि किल्ली कागदावर उतरवावी. दुकानदारानेही बिलावर वॉरंटीच्या ओळीखाली तो ई-मेल लिहून द्यायला काय हरकत आहे?