कुंपणाबाहेरचा कार्बन

जर्मनीत ऱ्हाईनच्या काठी, लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीचा कारखाना सुमारे दहा चौरस किलोमीटरवर पसरला आहे. या कंपनीने २०५०पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे जाहीर केले आहे. त्याआधीचा टप्पा २०३०चा: २०१८मधले सुमारे २ कोटी १९ लाख टन एक चतुर्थांशाने घटवायचे. अशा घोषणांना नाक मुरडणे सोपे असते. पण तिथले तंत्रज्ञ हातावर हात ठेवून बसलेले नाहीत, हे आधी मान्य करायला हवे.

स्टीम क्रॅकरच घ्या. खनिज तेलातून मिळणारा नाफ्था वाफेबरोबर भट्टीतल्या नळ्यांमधून सोडतात. साडेआठशे अंशांच्या आसपास त्याच्या लांब साखळ्या क्षणार्धात तुटतात आणि प्लॅस्टिकपासून रंगांपर्यंत सगळ्यांच्या मुळाशी असलेले इथिलीन, प्रोपिलीन हाती येते. सोबत मिथेनही निघतो, तो पुन्हा भट्टीतच जाळतात. भट्टीला तिचेच उरलेसुरले खाऊ घालायचे, ही या धंद्यातली जुनी काटकसर. एप्रिल २०२४मध्ये साबिक आणि लिंडे या कंपन्यांसह बीएएसएफने विजेवर तापणाऱ्या दोन भट्ट्या तिथे सुरू केल्या. एकीत वीज थेट नळ्यांमधूनच जाते, दुसरीत नळ्यांभोवतीची तापक यंत्रणा उष्णता देते. दोन्ही मिळून तासाला सुमारे चार टन कच्चा माल. वर्षभर अखंड चालल्या तरी पस्तीस हजार टन; मोठा क्रॅकर लाखांत बोलतो. शिवाय भट्टीत न जळलेल्या मिथेनचे काय करायचे? तो शेजारच्या बॉयलरमध्ये गेला, तर धूर फक्त जागा बदलतो.

तरीही कंपनीचे एकूण उत्सर्जन २०२३मध्येच १ कोटी ७० लाख टनांच्या आसपास, म्हणजे २०३०च्या लक्ष्याच्या अगदी जवळ आले होते. ही किमया त्या दोन भट्ट्यांची असणे शक्य नाही, त्या तेव्हा सुरूही नव्हत्या. नवीकरणीय विजेची खरेदी हे एक कारण. दुसरे कारण घटलेले उत्पादन. रशियाचा गॅस आटला, युरोपात गॅसचे भाव भडकले आणि फेब्रुवारी २०२३मध्ये लुडविग्सहाफेनच्या दोनपैकी एक अमोनिया संयंत्र बंद करण्याचे ठरले. धंदा मंदावला म्हणून कमी झालेला धूर आणि तंत्र सुधारले म्हणून कमी झालेला धूर एकाच आकड्यात मिसळू नयेत, एवढी अपेक्षा गैर नाही. जगाची अमोनियाची भूक एका संयंत्राबरोबर मिटत नाही. तो दुसरीकडे बनतो आणि तिथला धूर तिथल्या खात्यावर पडतो.

हिशेबाची ही खोट युरियात सर्वांत स्पष्ट दिसते. नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवताना निघालेला कार्बन डायऑक्साइड त्याच अमोनियाशी जोडून युरिया होतो. रायगडमधल्या थळच्या आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) प्रकल्पातही हेच चालते. टनभर युरियात सुमारे ७३० किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. तो धुराड्यातून जात नाही, म्हणून कारखाना स्वच्छ दिसतो. युरिया शेतात पडला, की काही दिवसांत हा वायू सुटतो आणि देशाच्या हिशेबात शेतीच्या नावावर चढतो. कारखान्याचे पाप शेतकऱ्याच्या माथी, दुसरे काय!

हरित हायड्रोजनचा अमोनिया आला की हा पेच सुटेल, असे म्हणतात. उलट तो घट्ट होईल. पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनबरोबर कार्बन डायऑक्साइड निघतच नाही, मग युरिया कशाचा करणार? कार्बन बाहेरून आणावा लागेल, नाहीतर शेतकऱ्याला वेगळ्या नत्रखताकडे वळवावे लागेल. इथे ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण बाकीचा भार अनुदान उचलते. ते अनुदान असेच राहिले, तर कोणताही शहाणा शेतकरी दुसऱ्या खताकडे वळणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हा निर्णय लुडविग्सहाफेनमध्ये होणार नाही, थळलाही नाही. तो दिल्लीत, खताच्या अनुदानाची फाइल जिथे पडून असते तिथे व्हायचा आहे.