पंढरीला न गेलेल्याचे गाव

सोलापूर जिल्ह्यातले माढा बाहेरच्यांना ठाऊक असते ते लोकसभेचा मतदारसंघ म्हणून. २००९ साली शरद पवार इथून निवडून गेले, तेव्हापासून तर जास्तच. गावात निंबाळकरांची गढी आहे, माढेश्वरीचे देऊळ आहे आणि एक विठ्ठलही आहे. या विठ्ठलाच्या दारात पंढरपुरासारखी रेटारेटी नसते. पण चाळीसेक वर्षांपूर्वी याच मूर्तीवरून महाराष्ट्रातले विद्वान आणि भाविक हमरीतुमरीवर आले होते.

निमित्त होते रा. चिं. ढेरे यांच्या संशोधनाचे. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा त्यांचा ग्रंथ १९८४ साली आला आणि १९८७ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा पंढरपूरची मूर्ती माढ्याला हलवली होती, अशी परंपरा आहे. संकट टळल्यावर देव परत गेला, असे बहुतेकांनी मानले. ढेऱ्यांना ते पटले नाही. स्कांद पुराणाच्या नावावर चालणाऱ्या पांडुरंगमाहात्म्यात विठ्ठलाच्या छातीवर मंत्राक्षरे असल्याचे वर्णन आहे. तशी अक्षरे पंढरपूरच्या मूर्तीवर दिसत नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर दिसतात. तेव्हा आद्य मूर्ती माढ्यालाच राहिली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंढरपुरात तो कसा घेतला गेला असेल, हे सांगायला नको.

इतिहासाचा निकाल इतिहासकारांनी लावावा. पण ढेऱ्यांचे म्हणणे उद्या सर्वांनी मान्य केले, तर माढ्याचे काय होईल? आठ-पंधरा दिवसांत ‘मूळ विठ्ठल’ असे फलक हमरस्त्यावर लागतील. गावाभोवतीच्या जिरायत जमिनींचे प्लॉट पडतील. गढीच्या शेजारी वाहनतळ, वाहनतळाशेजारी भक्तनिवास, भक्तनिवासाशेजारी पेढ्यांची आणि तांब्याच्या तांब्यांची दुकाने. हे सगळे कशाच्या जोरावर? तर तोच दगड, त्याच जागी, काल होता तसाच उभा आहे, फक्त त्याच्यावर ‘अस्सल’ असा शिक्का पडला आहे.

पर्यटनाचा सारा धंदा या शिक्क्यावर चालतो. जे इथेच आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही, त्यासाठी माणूस पैसे मोडून येतो. भक्तीला असा शिक्का लागतो का, हा खरा प्रश्न. विठ्ठलाच्याच चरित्रावरून पाहिले तर लागत नसावा, कारण हा देव कमालीचा फिरता आहे. विजयनगरच्या राजाने त्याला नेले आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणले, अशी कथा वारकऱ्यांच्या तोंडी आहे. हंपीच्या भव्य विठ्ठलमंदिराचा गाभारा आज रिकामाच आहे. पुढेही संकट आले की पुजाऱ्यांनी मूर्ती आसपासच्या गावांत लपवायची, ही रीतच पडली होती. एवढ्या हलवाहलवीत वारी मात्र चालू राहिली. वारकऱ्याने दगडाचा दाखला कधी मागितला नाही.

आणि याच माढा तालुक्यात असा एक माणूस होऊन गेला, ज्याने जाण्याचाच प्रश्न निकालात काढला.

मोडनिंबजवळचे अरण हे सावता माळ्यांचे गाव. जन्म १२५०चा, समाधी १२९५ची, म्हणजे ज्ञानेश्वर-नामदेवांचा काळ. मळा करणारे घराणे, वडिलांचे नाव परसोबा, आईचे नांगिताबाई. त्यांचे अभंग काशिबा गुरवाने लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. आज जेमतेम सदतीस मिळतात. पंढरपूर इतके जवळ, की पहाटे निघालेला चालणारा दिवस मावळायच्या आत पोचावा. तरीही सावतोबा पंढरीला गेले नाहीत, अशी त्यांची ख्याती. मळ्यातल्या भाजीपाल्यात, मोटेत, दोरात, विहिरीत त्यांना विठ्ठल दिसत होता, मग मळा सोडून जायचे कशाला? शेवटी देवच त्यांच्याकडे आला. कथा अशी की, ज्ञानदेव-नामदेवांची नजर चुकवून पांडुरंग अरणच्या मळ्यात शिरला, मला लपव म्हणाला, आणि सावतोबांनी खुरप्याने स्वतःची छाती उघडून त्याला आत ठेवले. शेतावर राहायला आलेला महाराष्ट्रातला हा पहिला पाहुणा म्हणायचा. आज सरकारदरबारी याला कृषी पर्यटन म्हणतात आणि २०२० सालापासून त्याचे धोरणही आहे.

थट्टा सोडली तरी या कथेत एक तत्त्वज्ञान आहे आणि ते वाटते तितके मवाळ नाही. देव सगळीकडे आहे, असे कोणीही म्हणतो. सावतोबा त्यापुढे जातात. हातातले काम नीट करणे हीच पूजा, असे मानले की तीर्थाला जाण्याची सक्ती संपते. जाणे मग आवडीचे उरते, प्रेमाचे उरते. जो सक्तीने येत नाही, ज्याला पुण्याचा हिशेब घाईने पुरा करायचा नसतो, तो त्या गावाला निराळ्या तऱ्हेने वागवतो. दोन तासांत तीन देवस्थाने उरकणाऱ्या माणसाला गावाचे नावही धड आठवत नाही. मग गावचे पाणी कुठून येते आणि आपला कचरा कुठे जातो, हे तो कशाला विचारील?

ही विचारपूस न केल्याने काय होते, ते पंढरपूरने भोगले आहे. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ कुर्डुवाडीहून १९०६ साली पंढरपूरला पोचले आणि पायी येणाऱ्यांत आगगाडीने येणाऱ्यांची भर पडली. पुढे एस.टी. आली, मग खासगी गाड्या. आषाढीला लाखांनी माणसे, आणि शौचाला नदीचे वाळवंट. ती घाण हातांनी उचलण्याचे काम सफाई कामगारांच्या वाट्याला येई. ही प्रथा बंद व्हावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, तेव्हा कुठे २०१४च्या अखेरीस वाळवंटात तंबू-राहुट्या टाकायला मनाई झाली. फिरती शौचालये आली, नदीपलीकडे पासष्ट एकरांची जागा मुक्कामाला मिळाली. परंपरेवर घाला म्हणून काही फडकऱ्यांनी तेव्हा नाराजी दाखवली. पण ज्या वाळवंटाला समतेची भूमी म्हणायचे, तिथलीच विष्ठा ठरावीक जातींच्या माणसांनी उचलायची, यात कोणती परंपरा जपली जात होती? गाडगेबाबा पंढरपूरला येत ते हातात खराटा घेऊन. देवळात न जाता ते नदीकाठ झाडत. त्यांनी इथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. शाश्वत पर्यटन हा शब्द जन्मायच्या आधीच त्यांना नेमके कळले होते, की यात्रेचा पहिला प्रश्न दर्शनरांगेचा नसतो, मागे राहणाऱ्या घाणीचा असतो.

पाण्याची गोष्ट याहून अवघड. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून. दोन्ही गावे इंद्रायणीकाठची. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा थोड्या अंतरावर तिच्यात उतरते, आणि हे सगळे उजनी धरणात साचते. धरणाची भिंत माढा तालुक्यात, भीमानगरला. तिथून सोडलेले पाणी पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहते. म्हणजे आळंदीच्या घाटावर फेस होऊन तरंगणारे पाणी आणि आळंदीहून निघालेला वारकरी, दोघेही एकाच दिशेने चालतात आणि पंढरपुरात पुन्हा भेटतात. वारकरी त्यात बुडी मारतो, ओंजळभर तोंडातही घेतो. २०१६ साली राज्य सरकारने ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर केले. पण घाट धुऊन नदी कशी स्वच्छ होणार? हा मैला पिंपरी-चिंचवड आणि पुण्याच्या नळांपाशी सुरू होतो. त्या शहरांतूनच हजारो लोक हौसेने वारीत चालायला येतात, आयटीवाल्यांच्या वेगळ्या दिंड्याही निघतात. एकादशीला ज्या पाण्यात हात जोडायचे, त्यात वर्षभर आपण काय सोडतो, हा प्रश्न धर्माचाच आहे. कीर्तनात तो फारसा ऐकू येत नाही.

त्याच उजनीच्या वरच्या अंगाला, भिगवण-कुंभारगावकडे, एक वेगळा प्रकार आकाराला आला आहे. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला येणाऱ्यांना होडीतून नेतात ते तिथले मासेमार. पक्ष्यांची नावे त्यांना पाठ आहेत, होडी किती अंतरावर थांबवायची हे ठाऊक आहे. जेवणही गावातल्याच घरांतून, बहुधा ताज्या माशांचे. पाहुण्याचा रुपया इथे फार लांब जात नाही. उणिवा आहेतच. हौशी छायाचित्रकाराला पक्षी उडतानाचे चित्र हवे असते आणि होडीवाल्याला बक्षिसी. पण पक्षी आले नाहीत तर चूल थंडावेल, हे गणित नावाड्याला कोणी शिकवावे लागत नाही.

तीर्थक्षेत्रात हे गणित जमत नाही, कारण देव उडून जात नाही. कितीही गर्दी केली, कितीही काँक्रीट ओतले, तरी तो विटेवर उभाच असतो. म्हणून तिथल्या विकासाला धरबंध उरत नाही. पंढरपूरच्या कॉरिडॉरवरून गेली काही वर्षे चाललेला वाद याच जातीचा आहे. देवळाभोवती मोकळी जागा हवी, हे भाविकांच्या सोयीचे. पण ज्या वाड्यांनी आणि बोळांतल्या दुकानांनी पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांना ओसरी दिली, बुक्का-तुळशीमाळा विकल्या, तेच हलवले तर पंढरपुरात उरेल काय? मोकळ्या जागेत देऊळ उठून दिसेल, पण ज्या गावात देव राहायला आला ते गाव दिसणार नाही. फडाला जागा देणारा, वर्षानुवर्षे त्याच दिंडीला पिठले-भाकरी घालणारा यजमान ही वारीची खरी व्यवस्था आहे. तिची किंमत कोणत्याही आराखड्यात धरलेली नसते.

अरणच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवे. समाधी मंदिराला रस्ता, पाणी, शौचालय हवे, त्यात दुमत नाही. पण ज्याने मळ्यातच देव पाहिला, त्याच्या गावातले मळे मोडून वाहनतळ केले, तर भाविक तिथे येऊन पाहणार काय? कांदा, मुळा, मेथी पिकवणारे वावर हाच तिथला गाभारा. माढा तालुका उजनीच्या पाण्यावर उसाने भरला, डाळिंबाच्या बागा आल्या. पुढच्या पिढीला सावतोबांची ओळख करून द्यायची, तर चार वाफे भाजीचेही राहू द्यावेत. पाहुणा येईल, विहिरीपाशी बसेल, शेतकऱ्याच्या घरी ज्वारीची भाकरी खाईल. त्यासाठी तारांकित काहीच लागत नाही. अर्थात यातून ठेकेदाराला फारसे काही मिळत नाही, आणि असे बेत मागे पडतात ते बहुधा त्यामुळेच.

आषाढीला महाराष्ट्रभरच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. सावतोबांची येत नाही. एकादशी सरली, गर्दी पांगली, की आषाढ वद्यात त्यांच्या पुण्यतिथीच्या सुमारास पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. अरणला कधी जायचे झालेच तर तो दिवस सोडून एखाद्या साध्या वारी जावे. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावर मोडनिंबला उतरता येते. पाण्याची बाटली घरून भरून न्यावी आणि परतताना रस्त्यात शेतकरी भेटला तर घासाघीस न करता भाजीची एक जुडी विकत घ्यावी.