भोग आणि भूल

बांधावरून पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, की जुन्नरकडच्या डिंगोऱ्यासारख्या गावात भेटायला येणारे एकच म्हणतात: भोग आहे, भोगूनच सरायचा. मग त्याच म्हाताऱ्याला ऑपरेशनच्या टेबलावर पाठ वाकवून बसवतात, मणक्यात बारीक सुई देतात आणि काही मिनिटांत कमरेखालची कळ नाहीशी होते. माणूस जागा असतो, बोलतही असतो. मग भोग संपला, की पुढच्या जन्मावर गेला?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका सुरूच दुःखापासून होते आणि लगेच बजावते, की औषधासारख्या उघड उपायांनी ते खात्रीनं, कायमचं जात नाही.

आक्षेप खराच आहे. पाठीतल्या भुलीचंच पाहा: 1898 साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर यांनी हिल्डेब्रांट या सहकाऱ्याच्या पाठीत कोकेन टोचलं आणि त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारून पाहिली. दुखलं नाही. नंतर मात्र पाय ठणकले, आणि प्रयोगात सुई टोचून घेतलेले बिअर डोकेदुखीनं आडवे झाले. कर्मवाद्यांना आयताच पुरावा!

आज पाठीत देतात त्या ब्युपिव्हाकेन या भुलीच्या औषधाचा अंमलही साधारण दोन-तीन तासांत ओसरू लागतो. म्हणून भूलतज्ज्ञ त्यात बरेचदा 10 ते 25 मायक्रोग्रॅम फेंटानिल हे वेदनाशामक मिसळतात. ब्युपिव्हाकेन मज्जातंतूतली सोडियमची वाट अडवून संदेशच थांबवतं. फेंटानिल मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे जाऊ देत नाही. दोघांच्या कामाच्या जागा वेगळ्या, त्यामुळे पहिल्याची मात्रा कमी ठेवता येते. रक्तदाब कमी ढासळतो, आणि ऑपरेशननंतरचे काही तासही सुसह्य जातात. फेंटानिलऐवजी मॉर्फिन दिलं, तर आराम दिवसभर टिकू शकतो. पण खाज, मळमळ आणि क्वचित श्वास मंदावण्याचा धोका असल्यानं रुग्णावर नजर ठेवावी लागते.

मग सुईनं न जाणाऱ्या दुःखाचं काय? जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी जागोजागी आहेत. त्या परंपरेतल्या संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त येतो: एक शरीराला लागणारा, दुसरा त्यावर मनानं कुढून स्वतःच मारून घेतलेला. सुई पहिला बाण काही तासांपुरता बोथट करते. दुसरा तिच्या हाती नाही. आणि खाटेशी बसून ‘भोग’ म्हणणारे पाहुणे तोच दुसरा बाण मारून घ्यायला लावत असतात. वेदनेचं काम इशारा देण्याचं; तो मोडलेल्या हाडानं केव्हाच दिलेला असतो. चिरफाडीच्या वेदनेतून कुणाचं कर्म धुतलं जात नाही.

त्यापेक्षा घरच्यांनी भूलतज्ज्ञाला विचारावं: पाठीत कोणकोणती औषधं देणार, अंमल किती तास, उतरल्यावर काय? आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधीच सांगावी.